शॉर्ट काढला तरी रेग्युलेटर परत वर येत नाही : लिनिअर रेग्युलेटर जादा करंटला नेमकं काय करतो?

प्रवाही

नमस्कार मंडळी. एका जोडणीत विचित्र वागणूक दिसते आहे. त्यानिमित्ताने मूळ विषयही नीट समजून घ्यायचा आहे, म्हणून नवा धागा काढतोय.

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि मोठा कपॅसिटर यांतून साधारण ३८ व्होल्ट डीसी मिळतात. त्यावर एलएम३१७ (तीन पायांचा लिनिअर रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून आउटपुट स्थिर ठेवणारा आयसी) लावून २४ व्होल्ट केले आहेत. २४ व्होल्टच्या लाइनवर एक बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज कमी करणारं सर्किट) आहे, तो पुढे ५ व्होल्ट बनवतो. लाइनवरचा करंट सुमारे ०.६ अँपिअर. हीटसिंक पुरेसा मोठा आहे, तासन्‌तास चालवला तरी काही तक्रार नाही.

२४ व्होल्टची लाइन क्षणभर शॉर्ट झाली की मात्र गंमत होते. शॉर्ट निघाल्यावर व्होल्टेज ८ च्या आसपास येऊन घोटाळत राहतं, वर चढतच नाही. मेन्स बंद करून इनपुटचा कपॅसिटर रिकामा होऊ दिला आणि पुन्हा चालू केलं, की पहिल्या झटक्यात २४ व्होल्ट. दुसऱ्या उत्पादकाचा ३१७ लावून पाहिला, तोही तसाच. पण बक कन्व्हर्टर काढून त्याजागी ३९ ओहमचा रेझिस्टर लावला (करंट जवळपास तेवढाच), तर शॉर्ट काढताक्षणी व्होल्टेज परत येतं.

डेटाशीटमध्ये करंट लिमिट आहे, थर्मल शटडाउन (फार तापल्यावर स्वतः बंद होणं) आहे, पण एकदा बंद झाला की बंदच राहतो असं कुठेही लिहिलेलं नाही. मग हा अडकतो कशात?

सोल्डरगंध

पहिला संशय थर्मल शटडाउनवर. शॉर्टच्या वेळी आयसी तापला असेल आणि थंड व्हायला वेळ घेत असेल. थोडं थांबून पाहिलंत का?

प्रवाही

थांबून पाहिलं, फरक नाही. उलट ८ व्होल्टवर अडकलेला असताना तो जास्तच तापतो. आणि पूर्ण थंड आयसीवर अगदी निमिषभराचा शॉर्ट दिला तरी हेच होतं. त्यामुळे सुरुवात तरी तापमानातून होत नसावी.

जुना ट्रान्झिस्टर

छान मांडलंय. ३९ ओहमचा प्रयोग केलात ते फार उपयोगी पडलं, उत्तर जवळजवळ त्यातच आहे. आधी आत काय चालतं ते पाहू.

साध्या लिनिअर रेग्युलेटरमध्ये एरर अँप्लिफायर (आउटपुट ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहणारा भाग) पास ट्रान्झिस्टरला (ज्यातून लोडचा करंट जातो त्याला) हवा तेवढा ड्राइव्ह देत राहतो. लोडने जास्त मागितलं की अँप्लिफायर जास्त ड्राइव्ह देतो, त्याला थांबायचं माहीत नसतं. थांबवण्याचं काम दुसऱ्याच एका छोट्या ट्रान्झिस्टरकडे असतं. पास ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्ये ओहमच्या काही दशांश भागाचा रेझिस्टर असतो. त्यावरचा ड्रॉप ०.६५ व्होल्टच्या आसपास पोचला की हा छोटा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि पास ट्रान्झिस्टरचा बेस करंट स्वतःकडे ओढून घेतो. त्या क्षणापासून आउटपुटवर सत्ता एरर अँप्लिफायरची राहत नाही. रेग्युलेटर व्होल्टेज सांभाळणं सोडून करंट सांभाळायला लागतो. व्होल्टेज किती राहणार ते लोड ठरवतो: लिमिटचा करंट गुणिले लोडचा रेझिस्टन्स.

म्हणजे जादा करंट झाला तर रेग्युलेटर ‘बंद’ होत नाही. तो चालूच असतो, पूर्ण ताकदीनिशी करंट देत असतो, फक्त व्होल्टेज खाली सोडून देतो.

हा झाला पहिला थर. ३१७ आणि ७८ मालिकेत (७८०५, ७८१५ असे ठरावीक व्होल्टेजचे रेग्युलेटर) दुसरा थर असतो: पास ट्रान्झिस्टरला सुरक्षित मर्यादेत ठेवणारा. बायपोलर ट्रान्झिस्टरवर जास्त व्होल्टेज आणि जास्त करंट एकाच वेळी आला तर करंट चिपच्या एखाद्या ठिपक्यात गोळा होतो, तो ठिपका तापतो, तापल्यामुळे आणखी करंट ओढतो आणि तिथेच जळतो. सेकंड ब्रेकडाउन म्हणतात तो हाच. एकूण चिप फारशी तापलेली नसतानाही हे होऊ शकतं, म्हणून नुसत्या थर्मल शटडाउनवर विसंबता येत नाही. त्यामुळे इनपुट आणि आउटपुट यांतला फरक वाढला की आयसी स्वतःची करंट लिमिट आपोआप खाली आणतो.

तिसरा थर म्हणजे थर्मल शटडाउन. जंक्शन (चिपचा आतला तापणारा भाग) १५० ते १७० अंशांच्या दरम्यान कुठेतरी पोचलं की ड्राइव्ह तोडायचा. हे तिन्ही थर एकाच चिपवर बसवून तीन पायांत मावले ते १९७० च्या आसपास, बॉब विडलर यांच्या ५ व्होल्टच्या एलएम३०९ च्या काळात. बॉब डॉबकिन यांचा ३१७ आला १९७६ मध्ये. आज अर्धशतक होत आलं तरी विचार तोच आहे, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

आता तुमच्या डेटाशीटमध्ये करंट लिमिटच्या ओळी पाहा. एक नाही, दोन असतील. इनपुट-आउटपुट फरक १५ व्होल्टपर्यंत असताना टिपिकल २.२ अँपिअर, किमान १.५. आणि फरक ४० व्होल्ट असताना टिपिकल ०.४, किमान फक्त ०.१५ अँपिअर! हा आयसी ‘दीड अँपिअरचा’ म्हणून विकला जातो, पण ती गोष्ट पहिल्या ओळीपुरतीच खरी आहे.

मिलीव्होल्ट

जुना ट्रान्झिस्टर यांचं पुढे नेते. एका कागदावर दोन रेघा काढा. आडव्या अक्षावर आउटपुट व्होल्टेज, उभ्या अक्षावर करंट.

पहिली रेघ ‘रेग्युलेटर जास्तीत जास्त किती देऊ शकतो’ याची. इनपुट ३८ धरलं तर आउटपुट शून्य असताना फरक ३८, म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअर. आउटपुट ८ असताना फरक ३०, तिथे टिपिकल वक्र अजून एक अँपिअरच्या खालीच आहे. आउटपुट २३-२४ च्या जवळ गेलं की फरक १५ च्या आत येतो आणि मग पूर्ण २.२ मिळतात. म्हणजे ही रेघ डावीकडे बुटकी, उजवीकडे उंच.

दुसरी रेघ ‘लोडला किती हवं’ याची. ३९ ओहमच्या रेझिस्टरला शून्य व्होल्टवर शून्य करंट, ८ व्होल्टवर ०.२, २४ वर ०.६. ती पूर्ण रस्ताभर रेग्युलेटरच्या रेघेखालून जाते. प्रत्येक टप्प्यावर थोडा करंट शिल्लक राहतो, तो आउटपुटच्या कपॅसिटरला भरतो, व्होल्टेज चढतं.

बक कन्व्हर्टर मात्र ठरावीक पॉवर मागतो. २४ व्होल्टवर ०.६ म्हणजे १४.४ वॅट. व्होल्टेज कमी झालं तरी त्याला १४.४ वॅटच हवेत! ८ व्होल्टवर त्यासाठी १.८ अँपिअर लागतील. रेग्युलेटर तिथे एवढे देऊच शकत नाही. मग लाइन खाली बसते, बक आपल्या किमान व्होल्टेजखाली जाऊन थांबतो, लोड सुटल्यावर लाइन पुन्हा चढते, बक पुन्हा चालू होतो आणि पुन्हा खाली ओढतो. ८ व्होल्टच्या आसपास ‘घोटाळणं’ जे तुम्हाला दिसतं ते हेच असणार. मीटर सरासरी दाखवतो, स्कोप लावला तर करवतीसारखी लाट दिसेल.

आयसीत लॅच, म्हणजे एकदा बंद झालं की बंदच ठेवणारी रचना, काहीच नाही. दोन रेघा चुकीच्या जागी एकमेकींना छेदतात, एवढंच.

प्रवाही

मग मेन्सवरून चालू करताना कसा उठतो? तेव्हाही आउटपुट शून्यापासूनच सुरू होतं ना?

मिलीव्होल्ट

हो, पण तेव्हा इनपुटही शून्यापासून सुरू होतं. इनपुटचा कपॅसिटर भरत जातो आणि आउटपुट त्याच्यामागे दोनेक व्होल्टच्या अंतराने चढत राहतं. आउटपुट ८ असतं तेव्हा इनपुट १० च्या आसपास. फरक छोटा, त्यामुळे पूर्ण २.२ अँपिअर उपलब्ध. बकचे १.८ भागतात, आणि बहुतेक बक कन्व्हर्टरना सॉफ्ट-स्टार्ट (हळूहळू सुरू होण्याची सोय) असल्यामुळे तेवढेही लगेच लागत नाहीत. शॉर्टनंतर मात्र इनपुट आधीच ३८ वर उभं असतं. जागा तीच, पण पोचायचा रस्ता वेगळा.

इनपुटला स्विच असेल आणि तो भरलेल्या कपॅसिटरच्या पुढे, म्हणजे कपॅसिटर आणि रेग्युलेटर यांच्या मध्ये असेल, तर चालू करतानाही हाच अडथळा येऊ शकतो. हे मुद्दाम सांगते, कारण स्विच कुठे टाकायचा हे बरेचदा शेवटी, डबीत जागा बघून ठरतं.

सोल्डरगंध

वा, हे पटलं. माझा थर्मलचा संशय मागे घेतो. याला फोल्डबॅक (आउटपुट पडलं की करंट लिमिटही खाली येणं) म्हणायचं का? मी फोल्डबॅक ७२३ या रेग्युलेटर आयसीच्या सर्किटमध्ये पाहिला आहे, तिथे मुद्दाम दोन रेझिस्टर लावून करतात.

जुना ट्रान्झिस्टर

परिणाम सारखाच, कारण वेगळं. ३१७ मध्ये लिमिट इनपुट-आउटपुट फरकावर अवलंबून आहे. पारंपरिक फोल्डबॅकमध्ये ती आउटपुट व्होल्टेजवर अवलंबून असते. इनपुट स्थिर असेल तर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

७२३ चं गणित करून दाखवतो, कारण फोल्डबॅकचा फायदा आणि किंमत दोन्ही त्यात दिसतात. आउटपुट १२ व्होल्ट, इनपुट १८. लिमिटच्या ट्रान्झिस्टरचा बेस थेट सेन्स रेझिस्टरच्या (ज्यावरच्या ड्रॉपवरून करंट ओळखतात त्याच्या) वरच्या टोकाला न जोडता दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमधून जोडायचा: वरचा १००० ओहम, जमिनीकडचा १०,००० ओहम. म्हणजे प्रमाण ०.१. सेन्स रेझिस्टर १ ओहम. शॉर्टच्या वेळचा करंट: ०.६५ गुणिले १.१ भागिले १, म्हणजे सुमारे ०.७२ अँपिअर. आउटपुट १२ वर असताना त्यात १२ गुणिले ०.१, म्हणजे १.२ ची भर पडते, एकूण १.९ अँपिअर.

पास ट्रान्झिस्टरवर पडणारी पॉवर बघा. शॉर्टमध्ये सुमारे १७.३ व्होल्ट गुणिले ०.७२, म्हणजे १२.४ वॅट. फोल्डबॅक नसता, सरळ १.९ ची लिमिट असती, तर शॉर्टमध्ये ३३ वॅट झाले असते. हीटसिंकचा आकार पार बदलतो.

किंमत अशी की १ ओहमच्या सेन्स रेझिस्टरवर पूर्ण लोडला १.९ व्होल्ट पडतात आणि त्यात साडेतीन वॅटच्या वर उष्णता होते. सरळ लिमिटला ०.३४ ओहम पुरला असता. तेवढा हेडरूम, म्हणजे आउटपुटपेक्षा जास्तीचं व्होल्टेज, इनपुटला लागतो. शिवाय तो अडकण्याचा धोका. फोल्डबॅक जितका खोल, तितका धोका जास्त. शॉर्टचा करंट पूर्ण करंटच्या तिसऱ्या हिश्शाच्या खाली नेताना मी लोड कोणता आहे हे आधी विचारतो.

तारयंत्र

अडकण्याचा आणखी एक प्रकार नोंदवून ठेवतो. ७८१५ (अधिक १५ व्होल्ट) आणि ७९१५ (उणे १५ व्होल्ट) लावून केलेला दुहेरी सप्लाय. दोन्ही लाइनच्या मध्ये ऑप-अँपसारखा लोड असतो, ज्याचा करंट जमिनीकडे न जाता अधिककडून उणेकडे जातो. एक बाजू आधी उठली तर ती या लोडमधून दुसऱ्या बाजूचं आउटपुट उलट दिशेला ओढते. अधिकच्या रेग्युलेटरचं आउटपुट शून्याच्याही खाली गेलं की तो सुरूच होत नाही. उपाय स्वस्त: प्रत्येक आउटपुटपासून जमिनीला एक उलटा डायोड, म्हणजे आउटपुट एका डायोड ड्रॉपपेक्षा जास्त उलटं जाणार नाही. १एन४००२ चालतो. डायोड रेग्युलेटरचा पूर्ण शॉर्ट करंट झेलू शकेल असा हवा, सिग्नलचा नाजूक डायोड नको.

उष्मांक

थर्मल शटडाउनबद्दल थोडं. तो शेवटचा आधार आहे. रोजच्या वापरात तो लागत असेल तर रचनेत गडबड आहे.

हीटसिंकशिवाय टीओ-२२० (३१७, ७८०५ सहसा ज्यात येतात त्या) पाकिटाचा जंक्शन ते हवा रेझिस्टन्स दर वॅटला ६५ अंशांच्या आसपास असतो. हवा २५ अंश, जंक्शन १२५ पर्यंत न्यायचं म्हटलं तर दीड वॅट एवढीच ऐपत. १२ व्होल्टवरून ७८०५ चालवून ०.५ अँपिअर घेतले तरी साडेतीन वॅट होतात. तिथे करंट लिमिटचा संबंधच येत नाही, शटडाउन आधी येतो. ‘माझा ७८०५ अर्ध्या अँपिअरलाच लिमिट करतो’ अशी तक्रार असते ना, तिथे बहुतेक वेळा लिमिट नसते, तापमान असतं. ओळखायची खूण सोपी: थंड असताना व्होल्टेज बरोबर असतं, मग पडतं, मग ठरावीक लयीत येत-जात राहतं. करंट लिमिट लागली असेल तर पहिल्या मायक्रोसेकंदांपासूनच व्होल्टेज खाली असतं आणि लोड बदलल्याशिवाय लय दिसत नाही.

ही येजा आयसीला चांगली नाही. दर फेरीत चिप तापून पसरते, निवून आकसते. चिप आणि धातूचा पाट यांचं प्रसरण सारखं नसतं, त्यामुळे मधला सांधा आणि आतल्या बारीक तारा थकतात. ‘शॉर्ट सहन करतो’ या वाक्याचा अर्थ ‘शॉर्टमध्ये आयुष्य काढतो’ असा घेऊ नका.

आणखी एक. लिमिट ठरवणारा तो ०.६५ व्होल्ट तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. ७२३ सारख्या साध्या रचनेत १०० अंशांची वाढ म्हणजे ०.४५ व्होल्ट, लिमिट सुमारे ३० टक्क्यांनी खाली. टेबलावर थंड असताना मोजलेली लिमिट बंद डबीत भर दुपारी मिळणार नाही.

एकतार

धागा वाचतोय, मस्त माहिती. माझा प्रश्न साधा आहे: आयसीत एवढं सगळं संरक्षण असेल तर फ्यूजची गरज काय? मी ३१७ असलेल्या सप्लायमध्ये फ्यूज टाकतच नाही.

जुना ट्रान्झिस्टर

एकतार, कृपया टाकत जा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आतलं संरक्षण आयसीला वाचवण्यासाठी आहे. तुमच्या लोडला, वायरिंगला, ट्रान्सफॉर्मरला वाचवण्याची जबाबदारी त्याने घेतलेलीच नाही. २.२ अँपिअरची लिमिट आयसीला मानवते, पण ०.१ अँपिअरच्या सेन्सर बोर्डवरची बारीक पट्टी जाळायला तेवढा करंट पुरतो.

शॉर्टच्या पहिल्या क्षणी तर रेग्युलेटर चित्रातच नसतो. आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि वायर धरून वाटेत ०.०५ ओहम असेल, तर ५ व्होल्टवरून शिखर करंट १०० अँपिअरच्या घरात जातो. टोकाला ठिणगी दिसते ती कपॅसिटरची. करंट लिमिट त्याच्या मागे बसलेली असते.

आणि पास ट्रान्झिस्टर निकामी होताना बहुतेक वेळा शॉर्ट होतो. मग प्रवाहींच्या २४ व्होल्टच्या लाइनवर सरळ ३८ येतील. तिथे फ्यूज आणि आउटपुटला एससीआरचा (इशारा मिळताच चालू होऊन तसाच राहणाऱ्या स्विचचा) क्रोबार ही जोडी लागते: जादा व्होल्टेज दिसताच एससीआर लाइन शॉर्ट करतो, फ्यूज उडतो. आउटपुटच्या शॉर्टला फ्यूज कदाचित कधीच उडणार नाही, कारण लिमिट करंटला त्याच्या खालीच ठेवते. फ्यूज आहे तो रेग्युलेटर गेल्यानंतरच्या वेळेसाठी.

सोल्डरगंध

७८०५ ला बाहेरून पीएनपी ट्रान्झिस्टर लावून करंट वाढवतात, त्याचं काय? लिमिट मिळते ना?

जुना ट्रान्झिस्टर

साध्या रचनेत नाही. आयसीला फक्त स्वतःतून जाणारा करंट दिसतो, बाहेरच्या ट्रान्झिस्टरचा नाही. शॉर्ट झाला की आयसी आपल्या लिमिटपर्यंत बेस करंट ओढतो आणि बाहेरचा ट्रान्झिस्टर त्याच्या गेनच्या पटीत देत सुटतो, जळेपर्यंत. त्याच्या एमिटरमध्ये वेगळा सेन्स रेझिस्टर आणि दुसरा छोटा पीएनपी हवाच. ५ अँपिअरला लिमिट हवी तर ०.६५ भागिले ५, म्हणजे ०.१३ ओहम, आणि ५ अँपिअरला त्यात सव्वातीन वॅट जातात, तेव्हा रेझिस्टर ५ वॅटचा तरी घ्या. दोघांना एकाच हीटसिंकवर बसवलं तर आयसीचा थर्मल शटडाउन ट्रान्झिस्टरला थोडी मदत करतो, पण ती सावकाश येते. सेकंड ब्रेकडाउन तेवढी वाट बघत नाही.

मिलीव्होल्ट

मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. इलेक्ट्रॉनिक लोड (हवा तेवढा करंट ओढणारं चाचणीचं उपकरण) स्थिर करंटच्या मोडमध्ये ठेवून रेग्युलेटरची लिमिट तपासू नका. लिमिटच्या किंचित वर गेलात की आउटपुट थेट शून्याजवळ कोसळतं आणि मधला वक्र दिसतच नाही. शिवाय फोल्डबॅक असलेला चांगला सप्लायही या मोडमध्ये सुरू होत नाही आणि आपण त्यालाच दोष देतो. स्थिर रेझिस्टन्सचा मोड घ्या, रेझिस्टन्स हळूहळू कमी करा, प्रत्येक बिंदूवर थोडक्या मिलिसेकंदांचा पल्स द्या म्हणजे तापमान मध्ये येणार नाही.

प्रवाही

सगळ्यांचे मनापासून आभार. स्कोप लावला. मिलीव्होल्ट म्हणाल्या तशीच करवतीची लाट आहे. बकच्या इनेबल (चालू-बंद करणाऱ्या) पिनला २४ व्होल्टच्या लाइनवरून डिव्हायडर दिला, आता तो २० व्होल्टच्या वर गेल्याशिवाय चालूच होत नाही. शॉर्ट काढला की लाइन मोकळी चढते, मग बक सुरू होतो. अनेकदा शॉर्ट देऊन पाहिलं, प्रत्येक वेळी परत आली.

एक नवीन दिसलं: परत येताना व्होल्टेज क्षणभर २४ च्या वर उसळी मारतं आणि मग बसतं. आणि शॉर्टमध्ये आयसी तापतो तो कमी करायला काही करता येईल का?

मिलीव्होल्ट

छान! २० व्होल्टवर बकला ०.७२ अँपिअर लागतील आणि तिथे फरक १८, त्यामुळे आता भरपूर करंट हाताशी आहे. चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमध्ये दोन-तीन व्होल्टचं अंतर मात्र ठेवा, नाहीतर २० वर फडफड होईल.

उसळीचं कारण: लिमिटच्या काळात एरर अँप्लिफायर ‘व्होल्टेज कमी आहे’ म्हणून पूर्ण टोकाला जाऊन बसलेला असतो. लाइन २४ ला पोचली की त्याला टोकावरून परत यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात पास ट्रान्झिस्टर कपॅसिटरला आणखी भरतो. २४ व्होल्टच्या लाइनवर थेट नाजूक काही असेल तर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी छाटणारा) लावा.

उष्मांक

तापण्यावर उपाय: इनपुटला मालिकेत १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर, आणि त्याच्यानंतर ३१७ च्या पायाशी छोटा कपॅसिटर. नेहमीच्या ०.६ अँपिअरला त्यावर ६ व्होल्ट पडतात, म्हणजे आयसीवर १४ ऐवजी ८ व्होल्ट, ८.४ वॅटऐवजी ४.८. उरलेले ३.६ वॅट रेझिस्टर घेतो, आणि त्याला १५० अंशांची भीती नाही. शॉर्टमध्येही आयसीवरचा फरक काही व्होल्टनी कमी होतो. इनेबलचा बदल केला आहे म्हणून हे सुचवतोय. आधीच्या रचनेत १.८ अँपिअरची मागणी आली असती तर याच रेझिस्टरवर १८ व्होल्ट गेले असते.

जुना ट्रान्झिस्टर

चालेल. लावण्याआधी एकदा मेन्स कमी असताना, पूर्ण लोडवर, ३१७ च्या इनपुटच्या पायावरची रिपल (डीसीवर उरलेली लाट) स्कोपवर बघा. मीटरची सरासरी नको, लाटेचा तळ बघा. तो २७ व्होल्टच्या खाली जात असेल तर १० ऐवजी ६.८ ओहम घ्या.